रंग नसलेल्या गावाची गोष्ट



या अंकासाठी आम्ही खरे तर हळदीवर लिहिणार होतो. संपादकांना तसा शब्दही दिला होता. रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन मंडळात आलेल्या माणसाने हळद, हिंग आणि कोकम यांच्यापलीकडे जाऊ नये अशी एक समजूत आहे, आणि आम्ही ती आजवर इमानाने पाळत आलो. पण दोन महिन्यांपूर्वी घरी एक घटना घडली आणि हळद मागे पडली. आमच्या चिरंजीवांनी एक पुस्तक आपणहून वाचून संपवले.

ज्यांच्या घरी वाचणारी मुले आहेत त्यांना यात घटना ती काय, असे वाटेल. ज्यांच्या घरी वाढदिवसाला आलेली पुस्तके कोरी करकरीत फळीवर उभी आहेत आणि शाळेच्या वाचनवहीवर सही करताना आईबापांना खोटे बोलल्यासारखे वाटते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. चिरंजीव बारा वर्षांचे. गणित बरे, सॉकर उत्तम, पण छापील पान समोर आले की लगेच तहान लागते, मग भूक लागते, मग झोप येते. शाळेतल्या बाईंनी पालकांच्या भेटीत 'रिलक्टंट रीडर' असा सभ्य शब्द वापरला. परतताना गाडीत आम्ही दोघांनी त्याचे मराठी करून पाहिले. 'वाचनचुकार' हे त्यातल्या त्यात जमले.

उपाय सगळे झाले होते. दर वीस पानांमागे अर्धा तास व्हिडिओ गेम, हा सौदा आठवडाभर टिकला. पुण्याहून फास्टर फेणेची पुस्तके सामानातून आणली, त्यासाठी चकलीचे पीठ काढून ठेवावे लागले. आम्ही वाचून दाखवायचो तोवर चिरंजीव खूश, बन्या सायकलवरून सुटला की डोळे मोठे. पण "पुढचं तू वाच" म्हटले की संपले. मग शाळेने वर्गासाठी एक पुस्तक लावले. शुक्रवारी ते दप्तरातून आले. शनिवारी रात्री दोन वाजता खोलीत उजेड दिसला. आम्हाला वाटले फोन. फोन होताच, पण त्याच्या उजेडात पुस्तक धरले होते.

'द गिव्हर', लेखिका लोइस लॉरी, साल १९९३.

सकाळी पोह्यांच्या बशीवर प्रश्न आला, अर्धा इंग्रजीत आणि अर्धा मराठीत. सगळ्यांनाच रंग दिसायचे बंद झाले, आणि पूर्वी रंग होते हेही कुणाला आठवत नसेल, तर काही गेले आहे हे कळणार कसे? आमच्या डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेत तिघा प्राध्यापकांनी मिळून आम्हाला इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. त्याच दुपारी आम्हीही ते पुस्तक वाचले, आणि मग सवयीप्रमाणे त्याच्या मुळाशी जायला लागलो. गावातल्या वाचनालयातल्या बाई आम्हाला आता नावाने ओळखतात.

प्रथम वाचनचुकार मुलाबद्दल. हा काही आपल्या मराठी घरांचा किंवा फोनच्या काळाचा शोध नव्हे. या देशात १९५४ साली जॉन हर्सी यांनी 'लाइफ' साप्ताहिकात लिहिले की शाळेतली वाचनाची पुस्तके इतकी बेचव आहेत की मुले वाचत नाहीत यात नवल नाही. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांचे 'व्हाय जॉनी कान्ट रीड' आले आणि घरोघरी भांडणे लागली. फ्लेश यांचे म्हणणे, मुलांना अक्षरांचे आवाज न शिकवता अख्खे शब्द चित्रासारखे पाठ करायला लावतात, तिथेच सगळे बिघडते. (बाराखडी घोकून वाढलेल्या आपल्या लोकांना हा वाद ऐकून हसू येते. पण आपल्या रविवारच्या शाळेत आपण काय करतो हे आठवून पाहावे.) त्या गदारोळात हॉटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेच्या विल्यम स्पॉल्डिंग यांनी थिओडोर गायझेल यांना गळ घातली की पहिलीतल्या मुलाला खाली ठेववणार नाही असे पुस्तक मोजक्या शब्दांत लिहून द्या. त्यातून १९५७ साली 'द कॅट इन द हॅट' झाले. सगळ्या पुस्तकात वेगवेगळे शब्द फक्त २३६. हीच हॉटन मिफ्लिन पुढे 'द गिव्हर'ची प्रकाशक झाली.

लहानांचे असे भागले, पण मोठ्या मुलांचे काय? मिशिगन विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक डॅनियल फेडर यांनी १९६० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. गुन्ह्यांसाठी डांबलेल्या मुलांच्या एका सुधारगृहात त्यांनी जाडजूड पाठ्यपुस्तकांऐवजी स्वस्त कागदी बांधणीची पुस्तके, वर्तमानपत्रे आणि मासिके आणली. पुस्तके मुलांना स्वतः निवडू दिली, खिशात बाळगू दिली, आपसात बदलू दिली. ज्यांना वाचता येत नाही असे सगळे म्हणत होते ती मुले वाचू लागली, आणि कठीण म्हणून बाजूला ठेवलेली पुस्तकेही वाचू लागली. विषयात जीव अडकला की शब्द अवघड आहेत हे मुलाच्या लक्षात येत नाही, असा त्यांचा अनुभव. 'हुक्ड ऑन बुक्स' हे त्यांचे पुस्तक १९६६ चे. दुसऱ्या वर्षी ओक्लाहोमातल्या टल्सा गावच्या एस. ई. हिंटन या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली. तिने ती हायस्कुलात असताना लिहिली होती आणि पुस्तक निघाले तेव्हा ती अठराची होती. कुमारांसाठी कादंबरी म्हणजे गोडगोड नव्हे, हे त्या पुस्तकाने प्रकाशकांना पटवले. 'यंग अ‍ॅडल्ट' नावाचे वेगळे कपाट वाचनालयात पूर्वीही होते, पण ते भरायला लागले ते यानंतर.

आता दुसरा धागा. सुखी, व्यवस्थित, बिनतक्रार समाजाचे चित्र काढायचे आणि मग त्याच्या भिंतीमागे काय आहे ते दाखवायचे, ही कल्पना कुठून आली? थॉमस मोर यांनी १५१६ साली लॅटिनमध्ये 'युटोपिया' लिहिली, तो शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या उलट टोकाचा 'डिस्टोपिया'शी जुळणारा शब्द जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ साली ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडवरच्या भाषणात विरोधकांना उद्देशून वापरला. आपल्याकडे रामराज्य म्हणतात, पण त्याच्या उलट काय म्हणायचे याला नेमका शब्द नाही. असो.

या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे रशियाचे येवगेनी झाम्यातिन. हे गृहस्थ पेशाने जहाजांचे इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला रशियासाठी बर्फ फोडणारी जहाजे बांधून घेत होते. परत जाऊन १९२०-२१ मध्ये त्यांनी 'आम्ही' या नावाची कादंबरी लिहिली. तिच्यात माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत, आणि घरे काचेची आहेत. पुस्तक १९२४ साली न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाले. त्यांच्या स्वतःच्या देशात ते छापायला १९८८ उजाडले. (आम्हीही या पानांवर 'आम्ही' म्हणून लिहितो, पण ती केवळ सवय आहे. आमच्या घराला पडदे आहेत.)

ऑल्डस हक्सले यांचे 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' १९३२ चे. त्यांनी आदल्या वर्षी इंग्लंडमधला बिलिंगहॅमचा प्रचंड रासायनिक कारखाना पाहिला होता आणि तिथल्या शिस्तीने ते भारावले होते, हे वाचून आम्हाला व्यवसायबंधूंबद्दल थोडा अभिमान आणि बराचसा संकोच वाटला. त्यांच्या जगात दुःख झाले की लोक 'सोमा'ची गोळी घेतात. हा सोमा म्हणजे आपल्या ऋग्वेदातला सोम, नाव तिथूनच घेतलेले. आणि १९४९ च्या 'नाइन्टीन एटी-फोर'चे जॉर्ज ऑर्वेल तर जन्मले बिहारमध्ये मोतिहारीला, १९०३ साली. वडील सरकारी अफू खात्यात नोकरीला. म्हणजे एकाचा सोम आणि दुसऱ्याची अफू, दोन्ही आपल्याकडचे.

ही सगळी मोठ्यांची पुस्तके. त्यातला विचार मुलांपर्यंत आणणाऱ्यांत मॅडलिन लेंगल महत्त्वाच्या. 'अ रिंकल इन टाइम' (१९६२) मध्ये एक ग्रह आहे, तिथे प्रत्येक घरासमोर एक मूल उभे, आणि सगळ्यांचे चेंडू एकाच क्षणी जमिनीवर आपटतात. ही कल्पना ज्याने लहानपणी वाचली तो विसरत नाही. अनेक प्रकाशकांनी परत केलेल्या या पुस्तकाला १९६३ चे न्यूबेरी पदक मिळाले. जॉन ख्रिस्तोफर यांच्या 'द व्हाइट माउंटन्स' (१९६७) मध्ये मूल चौदा वर्षांचे झाले की डोक्यात धातूची टोपी बसवतात, मग ते कधी बंड करत नाही. बारा-चौदा हे वय सगळ्यांनी का धरले असावे? या वयातल्या मुलाला घरातले आणि शाळेतले नियम पाठ झालेले असतात, आणि त्यातला कुठला नियम उगाच आहे हेही त्याला नुकतेच दिसायला लागलेले असते. आमच्या घरी हल्ली रोज दिसते.

न्यूबेरी पदकाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. मुलांसाठीच्या उत्तम अमेरिकन पुस्तकाला हे पदक १९२२ पासून दरवर्षी मिळते. १९२८ चे पदक 'गे-नेक' या कबुतराच्या गोष्टीला मिळाले. लेखक धनगोपाल मुखर्जी. बंगाली माणूस, १९१० च्या सुमारास जपानमार्गे इथे आला, कॅलिफोर्नियात शिकला आणि इंग्रजीत लिहून पोट भरू लागला. आपण इथे येण्याच्या किती तरी आधी आपल्याकडचा एक माणूस या यादीत बसला होता, हे आम्हाला इतक्या वर्षांत कुणी सांगितले नव्हते. आम्हीही शोधले नव्हते म्हणा.

आता 'द गिव्हर'कडे वळतो. ज्यांना आपल्या मुलाबरोबर स्वतः वाचायचे आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

जोनास नावाचा मुलगा एका नेटक्या गावात राहतो. तिथे भूक नाही, भांडण नाही, टेकड्या नाहीत, बर्फ नाही, ऊन नाही. प्रत्येक घरात एक मुलगा आणि एक मुलगी, तीही अर्ज करून मिळालेली. रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर सगळ्यांनी आपापल्या भावना सांगायच्या. बाराव्या वर्षी ज्येष्ठांची समिती प्रत्येकाला आयुष्यभराचे काम ठरवून देते. (इथे चिरंजीवांनी आमच्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले. आम्ही त्यांना अजून कुणीही इंजिनिअर हो म्हटलेले नाही, याची नोंद व्हावी.) जोनासला मिळते एकच काम, आठवणी साठवण्याचे. गावाने स्वतःच्या सुखासाठी सगळा भूतकाळ टाकून दिला आहे आणि तो एका म्हाताऱ्याच्या डोक्यात ठेवला आहे. म्हातारा पाठीवर हात ठेवून एकेक आठवण मुलाला देतो. पहिली बर्फावरून घसरगाडीने उतरण्याची. मग ऊन. मग दुखणे, भूक, युद्ध.

जोनासला पहिला दिसतो तो लाल रंग, हवेत उडवलेल्या सफरचंदात. सफरचंदाच्या सालीतला तो लाल म्हणजे अँथोसायनिन. आपल्या कोकमाचा रंग याच घराण्यातला, आणि जांभळाचाही. तेवढ्यापुरते चिरंजीवांनी आमचे रसायनशास्त्र ऐकून घेतले. गावात कुणाला 'रिलीज' करतात म्हणजे बाहेर कुठे तरी पाठवतात, असे जोनासला वाटत असते. मग तो पाहतो की आपले प्रेमळ वडील, जे एका रडक्या बाळाला सांभाळायला घरी घेऊन येतात, तेच जुळ्यांतल्या वजनाने कमी असलेल्या बाळाला सुई टोचून मारतात, आणि तेही गोड आवाजात बोलत. चिरंजीव त्या पानावर रात्री दीड वाजता पोचले होते. शेवटी जोनास त्या रडक्या बाळाला सायकलवर घेऊन पळतो. पुढे काय झाले ते लॉरीबाईंनी स्पष्ट सांगितलेले नाही. म्हणूनच मूल पुस्तक मिटल्यावरही दोन दिवस बोलत राहते.

वाचनचुकारांना हे पुस्तक का धरून ठेवते याचा आम्ही विचार केला. एक तर ते लहान आहे, पावणेदोनशे पानांच्या आसपास. वाक्ये सरळ. पण खरे कारण वेगळे असावे. पुस्तक काहीही समजावून सांगत नाही. यात काही तरी चुकते आहे, हे मुलाला जोनासच्या आधी कळते. मोठ्यांनी लपवलेली गोष्ट आपण शोधली याचा आनंद पोलिसकथेत असतो, तोच इथे. फक्त इथे गुन्हेगार घरातलेच, आणि चांगले वागणारे.

लॉरीबाईंचे स्वतःचे लहानपण आम्हाला पुस्तकापेक्षाही जास्त लागले, कारण ते आपले आहे. जन्म १९३७, होनोलुलूचा. वडील लष्करात दंतवैद्य. युद्धानंतर १९४८ मध्ये त्यांची बदली टोकियोला होती म्हणून सगळे कुटुंब तिकडे गेले आणि 'वॉशिंग्टन हाइट्स' नावाच्या अमेरिकन वसाहतीत राहिले. आजूबाजूला जळून गेलेले टोकियो, आणि कुंपणाच्या आत अमेरिकन घरे, अमेरिकन शाळा, चर्च, वाचनालय, सिनेमागृह. अकरा वर्षांची लोइस हिरव्या सायकलवर बसून फाटकाबाहेर पडायची आणि शिबुया भागात भटकायची. आईने मनाई केली नव्हती, पण आईला ठाऊकही नव्हते. तिथले आवाज, दुकाने, माशांचा वास, गणवेशातली मुले. ती नुसती पाहत राहायची, बोलायची नाही. एकदा रस्त्यात एका बाईने तिच्या सोनेरी केसांना हात लावून काही तरी म्हटले. मुलीला ऐकू आले 'किराई', म्हणजे नावडते. ती ओशाळून निघून गेली. नंतर तिला उमगले की बाई 'किरेई' म्हणाली असेल, म्हणजे सुंदर. एका स्वराचा फरक.

मोठेपणी लॉरीबाईंनी आईला विचारले, आपण त्या कुंपणात का राहिलो? आई म्हणाली, तिथे सोयीचे होते, ओळखीचे होते, सुरक्षित होते. १९९४ साली 'द गिव्हर'ला न्यूबेरी पदक मिळाले त्या समारंभातल्या भाषणात त्यांनी हे सांगितले आहे. (ती वसाहत १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला खेळाडूंचे गाव झाली, आणि आता तिथे योयोगी पार्क आहे.) ते भाषण वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या मंडळाचा हॉल आला. साबुदाणा खिचडीचा वास, तीच गाणी, तेच विनोद, आणि दाराशी सॉकरचा चेंडू घेऊन "निघायचं कधी?" म्हणणारी आपली मुले. कुंपण वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. आम्हाला खिचडी आवडते.

याच भाषणात दुसरी आठवण आहे. लॉरीबाईंचे वडील नव्वदीला टेकलेले, वृद्धाश्रमात. भिंतीवर घरच्यांचे फोटो लावलेले. लॉरीबाईंची थोरली बहीण हेलन तरुणपणी, १९६२ साली, कर्करोगाने गेली होती. वडील फोटोकडे पाहून आनंदाने हेलनचे नाव सांगायचे, आणि मग जरा गोंधळून म्हणायचे, हिचे पुढे काय झाले ते मला नीटसे आठवत नाही. त्यांना दुःख नव्हते, कारण आठवण नव्हती. दुःख विसरता येते आणि विसरणे सोयीचेही असते, पण ते सुरक्षित असते का, या विचारातून हे पुस्तक सुरू झाले. मुखपृष्ठावरचा दाढीवाला म्हातारा खराखुरा होता. तो चित्रकार कार्ल नेल्सन, मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर राहणारा. त्याचा फोटो लॉरीबाईंनीच काढलेला, एका मासिकासाठी मुलाखत घेताना. रंगांची विलक्षण जाण असलेला हा माणूस पुढे आंधळा झाला.

पुस्तकावर आक्षेपही आले. बाळाची हत्या, म्हाताऱ्यांची हत्या, नुकत्या जाग्या होणाऱ्या शरीराच्या इच्छा दाबणाऱ्या गोळ्या. हे बारा वर्षांच्या मुलाला कशाला? १९९४ मध्येच कॅलिफोर्नियातल्या एका शाळा-विभागाने पालकांच्या तक्रारीवरून ते तात्पुरते बंद केले, आणि १९९० च्या दशकात सर्वांत जास्त आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ते बरेच वर होते. लांब कशाला जा? आम्ही उत्साहाच्या भरात मंडळाच्या वाचनपेटीत एक प्रत ठेवली, तर पुढच्याच बैठकीत एका पालकांनी ती टेबलावर ठेवून विचारले की हे कुणी वाचून पाहिले आहे का. आम्ही वाचले होते, पण लगेच उत्तर सुचले नाही. त्यांची मुलगी नऊ वर्षांची, ती वाचून रडली होती. चूक आमचीच होती, पेटीवर वय लिहिले नव्हते. दीड तास चर्चा झाली, गणपतीच्या जेवणाचा विषय राहून गेला. प्रत पेटीतच राहिली, पण बारा वर्षांखालील मुलांनी पालकांना विचारून न्यावी अशी चिठ्ठी तिच्यावर आहे. ते पालक त्या दिवशी आमच्यावर रागावलेले होते. आमच्या मते त्यांनी बैठकीत सर्वांत चांगला प्रश्न विचारला.

आता जे लिहायचे नव्हते ते लिहितो.

हे पुस्तक १९९३ चे. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसे गेली, आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. भूकंपाची तीव्रता ६ च्या थोडी वर. तेवढ्या धक्क्यात इतकी माणसे जायला नको होती. पण दगडमातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हे सगळे झोपलेल्या माणसांवर आले. त्यात आमच्या आईचा धाकटा भाऊ होता. आम्ही सहा वर्षांचे होतो. आईने त्याचा फोटो ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवला आणि घरात तो विषय बंद झाला. आम्हीही इथे येऊन तेच केले. चिरंजीवांना किल्लारी हा शब्द ठाऊक नव्हता. मुलाला कशाला, असेच आम्हाला वाटले असावे. नक्की काय वाटले ते आता सांगता येत नाही.

आई सध्या सहा महिन्यांसाठी इकडे आली आहे. पुस्तक संपल्याच्या आठवड्यात चिरंजीव तिच्याजवळ जाऊन बसले आणि आपल्या मोडक्या मराठीत विचारले, "आजी, तू कोणाला सांगितलं नाही असं काय आहे?" आम्ही स्वयंपाकघरात होतो. नळ बंद केला. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुझ्या बापाला फार शिट्ट्या वाजवायची सवय होती ना लहानपणी, ती माझ्या भावाची." आम्हाला हे माहीत नव्हते. तो शिट्ट्या वाजवत असे हेच आठवत नव्हते.

दोन तास चालले. 'माळवद' चिरंजीवांना कळेना, तेव्हा आईने आलेखाच्या कागदावर घर काढून दाखवले: भिंती, लाकडी खांब, वर मातीचे थर, कोपऱ्यातली उतरंड, मामा झोपायचा ती जागा. चिरंजीवांनी भिंतीची जाडी विचारली, ती लिहून घेतली आणि छताच्या वजनाचा हिशेब केला. आईला तो हिशेब फार आवडला. रडणे झाले, पण ते आमचे. त्या दोघांचे नाही. आजी जूनमध्ये परत जाईल, तेव्हा फोटोची एक प्रत करून पाठवायची असे ठरले आहे.

बाकीचे थोडक्यात. 'द गिव्हर'वर २०१४ मध्ये चित्रपट निघाला. जेफ ब्रिजेस यांना तो किती तरी वर्षे काढायचा होता, वडील लॉइड यांना म्हाताऱ्याच्या भूमिकेत घेऊन. होईपर्यंत वडील गेले आणि ती भूमिका त्यांनाच करावी लागली. सुरुवात कृष्णधवल आहे, ती छान. जोनासला मात्र मोठा करून टाकला आहे, आणि याबद्दल चिरंजीव अजून नाराज आहेत. दरम्यान सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स'ने (२००८) या प्रकाराची लाटच आणली. एका रात्री टीव्हीवर स्पर्धेचा कार्यक्रम आणि इराक युद्धाच्या बातम्या आलटून पालटून पाहताना ती कल्पना सुचली, असे त्या सांगतात. २०१४ मध्ये थायलंडच्या लष्करी उठावानंतर त्यातली तीन बोटांची सलामी विद्यार्थ्यांनी रस्त्यावर दिली आणि त्यासाठी त्यांना पकडले गेले. लाटेतली पुढची पुस्तके आम्ही चार-पाच चाळली. पुष्कळशी एकमेकांची झेरॉक्स वाटली. झेरॉक्सबद्दल आम्ही बोलू नये, हे खरे. यंदाही हा अंक काळा-पांढराच निघतो आहे, आणि मागच्या अंकातली रांगोळीची चित्रे पाहून एका काकूंनी "हे गाव जोनासचंच दिसतंय" असे म्हणायचे तेवढे बाकी ठेवले.

'द गिव्हर'च्या पुढे तीन पुस्तके आहेत: 'गॅदरिंग ब्लू' (२०००), 'मेसेंजर' (२००४) आणि 'सन' (२०१२). जोनास आणि ते बाळ वाचले की नाही याचे उत्तर त्यांत मिळते. ज्यांना उत्तर नको त्यांनी पहिल्यावर थांबावे, असा चिरंजीवांचा सल्ला आहे, आणि तो त्यांनी स्वतः पाळलेला नाही. पहिल्या दोन पुस्तकांच्या प्रती रविवारच्या शाळेच्या पेटीत आहेत. नेताना वहीत नाव आणि तारीख लिहावी. 'मेसेंजर' सध्या आईकडे आहे. तिला इंग्रजी फारसे वाचता येत नाही, म्हणून चिरंजीव रोज रात्री तिला एक प्रकरण मराठीत सांगतात, आणि अडले की आम्हाला हाक येते.